पेटंट 'मिळालं' का नुसतं 'पब्लिश झालं', एवढं तरी विचारत जा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर बातमी आली, एका कॉलेजच्या सरांना हळद शिजवायच्या स्मार्ट यंत्राचं पेटंट मिळालं म्हणून, मोठा फोटो, शाल, नारळ, बाजूला संस्थेचे अध्यक्ष आणि मागं कडेला दोन पोरं. कौतुक करा, त्याला ना नाही. पण साहेब ते पेटंट अजून मिळालेलंच नाहीये, आणि त्या बातमीपायी माझी दोन कुकरची ऑर्डर गेली म्हणून हे पत्र. लांबलंय, जागेच्या हिशोबानं कापा, पण शेवटचं तेवढं राहू द्या.

मी कोण ते आधी सांगतो. मूळ अंबाजोगाईकडचा, आयटीआय फिटर, अकरा सीझन एका साखर कारखान्याच्या बॉयलिंग हाऊसला (रस आटवून साखर करायचा विभाग) काढले, पगार थकायला लागले (कोणता कारखाना ते जाऊ द्या) तसा वाळूजला आलो आणि आता स्वतःचं छोटं फॅब्रिकेशनचं शेड आहे, चार माणसं, त्यातले दोन वेल्डर. कंपन्यांच्या टाक्या, पाइपलाइन हे बारा महिने, आणि हळदीच्या सीझनला वसमत, हिंगोली, नांदेडकडचे कुकर.

शहरातल्या वाचकांना हळदीचा कुकर माहीत नसेल. ट्रॉलीवर मधी बॉयलर, खाली लाकडाची भट्टी, बाजूनं ड्रम. ओली हळद ड्रममधी भरायची, वाफ सोडायची, शिजली की खाली पाडायची, की पुढचा ड्रम. यात व्हायचं काय, शिजलेल्या ड्रममधली वाफ तशीच उघडी सोडून द्यायचे, फुस्स करून अख्ख्या शेतात ढग, आणि बाजूच्या गार ड्रमला पुन्हा बॉयलरची ताजी वाफ. मी कारखान्यातला माणूस, मला ते बघवेना.

कारण कारखान्यात मी क्वाडवर होतो, म्हणजे उसाचा रस आटवायचं यंत्र. चार बॉड्या, म्हणजे मोठी बंद भांडी, ओळीनं उभ्या. पहिल्या बॉडीला टर्बाइनची एक्झॉस्ट वाफ द्यायची, तिथं रस उकळून जी वाफ निघते ती दुसऱ्या बॉडीला, दुसरीची तिसरीला, तिसरीची चौथीला, आणि शेवटाला व्हॅक्यूम, म्हणून पुढच्या पुढच्या बॉडीत रस कमी कमी तापमानाला उकळत जातो. एक किलो वाफेत एक किलोभर पाणी उडायचं तिथं जवळपास चार किलो उडतं, पंधरा ब्रिक्सचा (शंभर भागात विरघळलेली साखर किती त्याचं माप) पातळ रस साठाचा सिरप होऊन बाहेर. हे कुणाचं डोकं ते मला नोकरी सोडल्यावर कितीतरी वर्षांनी कळलं. नॉर्बर्ट रिलिए नावाचा माणूस, अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सचा, बाप गोरा आणि आई कृष्णवर्णीय, आणि तो काळ गुलामीचा, उसाच्या मळ्यावर गुलामच राबायचे, उघड्या कढयांची रांग आणि उकळता रस या कढईतून त्या कढईत पळ्यांनी टाकायचा, त्यात माणसं भाजायची. या माणसानं 1843 ला पेटंट घेतलं, 1846 ला आणखी एक. आज मराठवाड्यात जेवढे कारखाने गाळप करायलेत त्यांच्या बॉयलिंग हाऊसमधी त्याचंच डोकं उभं आहे. आणि कुणी त्याला पैसे देत नाही, द्यायचेही नाहीत, कारण मुदत संपली की पेटंट सगळ्यांचं होतं, आपल्याकडं ती मुदत अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं.

तर मी तेच केलं, गरिबाच्या मापानं. दोन ड्रमच्या मधी एक पाइप आणि एक व्हॉल्व्ह, शिजलेल्या ड्रमची वाफ बाहेर न सोडता गार ड्रमच्या तळाला. व्हॅक्यूम बिक्यूम काही नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण पहिल्या वेळेला वाफेचं पाणी होऊन तळाला साठलं आणि खालची हळद पार गिचका झाली, शेतकऱ्यानं ज्या शिव्या घातल्या त्या तुम्हाला छापता येणार नाहीत, मग तळाला पाणी काढायला नळी दिली, ती मातीनं चोक व्हायला लागली, मग जाळी, मग जाळीचं भोक किती ठेवायचं यातच एक सीझन गेला. शेवटी बसलं. लाकूड चौथा हिस्सा वाचायला लागलं. जानेवारी 2018 ला एका कृषी प्रदर्शनात तो कुकर मांडला, लोकांची गर्दी, मी एकेकाला व्हॉल्व्ह उघडून दाखवतोय, आणि तीच माझी सगळ्यात मोठी चूक.

पुढच्या सीझनला तोच पाइप तीन जणांच्या कुकरवर. एकाची तर जाळीसुद्धा माझ्याच मापाची. मग पेटंट एजंटकडं गेलो, तो म्हणाला काका, अर्ज करायच्या आधीच तुम्ही चारचौघात दाखवलं, आता ते कायद्यानं नवं राहिलं नाही, विषय संपला. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी जरी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाकला असता तर ती तारीख लागली असती आणि पूर्ण तपशील द्यायला पुढं 12 महिने मिळाले असते. माणसानं स्वतःच्या नावानं ऑनलाइन अर्ज केला तर सरकारी फी 1600 रुपये. माझ्या स्टॉलचं भाडं त्याच्या चौपट होतं! (सरकारनं जाहीर केलेल्या काही प्रदर्शनांना सवलत असते, आमचं त्यातलं नव्हतं.) आता खरं सांगायचं तर अर्ज टाकला असता तरी मिळालं असतं का हाही प्रश्नच, तपासणाऱ्यानं रिलिएचं नाव पुढं केलं असतं तर मी काय बोलणार होतो. पण निदान कळलं असतं.

दोन वर्षांखाली इंजिनिअरिंगची दोन पोरं फायनल इयरच्या प्रोजेक्टला माझ्याकडं आली, त्यांना मीच छोटं मॉडेल करून दिलं, दोन ड्रम, पाइप, व्हॉल्व्ह, जाळीसकट, त्यांनी वर टेंपरेचरचा सेन्सर आणि डिस्प्ले लावला. पोरं चांगली, महिनाभर चहा माझ्याकडंच. तुमच्या फोटोत मागं कडेला उभी आहेत ती हीच. त्यांचा काही दोष नाही.

बातमी आली त्याच्या तिसऱ्या दिवशी वसमतकडच्या एका शेतकरी गटाचा फोन, दादा, ते दोन कुकर सांगितले होते ना, राहू द्या, पेपरात आलंय त्याच्यावर पेटंट झालंय, उद्या आमच्यावर केस व्हायची. काय समजावणार, छापून आलेलं. आमच्याकडं अजून छापलेल्यावर भरवसा आहे साहेब, चांगली गोष्ट आहे ती, पण त्याचा भार तुमच्यावर पडतो.

मग मी रात्री बसून पेटंट ऑफिसची साइट उघडली. फुकट आहे, कुणालाही बघता येतं, नाव टाकलं की अर्ज निघतो. सरांचा अर्ज आहे, पब्लिश झालाय, आणि तपासणीची विनंती अजून केलेलीच नाही. म्हणजे तो अर्ज कुणी तपासायला हातातसुद्धा घेतलेला नाही.

हे जरा सगळ्यांना कळेल असं सांगतो. तुम्ही सातबाऱ्याला फेरफार टाकला, तलाठ्यानं नोटीस काढली, कुणाची हरकत आहे का म्हणून. नोटीस लागली म्हणजे जमीन नावावर झाली का? नाही, मंडळ अधिकारी मंजूर करील तेव्हा. पेटंटचं तसंच आहे. अर्ज कसाही असो, 18 महिने झाले की तो आपोआप पेटंट ऑफिसच्या जर्नलमधी छापला जातो, दर शुक्रवारी निघतं ते, आणि घाई असली तर जादा फी भरून महिनाभरात छापून घेता येतं, कॉलेजवाले तेच करतात, नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणारी संस्था) फाइलीला लागतं. तपासणीची विनंती वेगळी करावी लागते, तिची फी वेगळी, आता नवीन नियमानं 31 महिन्यांच्या आत, नाही केली तर अर्ज गेला समजायचं. विनंती केली की मग तिथले परीक्षक शंका काढतात, उत्तर द्यावं लागतं, आणि सगळ्यातून पार पडलं तर पेटंटचा नंबर मिळतो. तो नंबर मिळेपर्यंत कुणावर केस घालता येत नाही. हे मी त्या गटाच्या अध्यक्षांना फोनवर अर्धा तास सांगितलं, ते हो हो म्हणाले आणि दुसरीकडून साधे कुकर घेतले.

आणि एक कलम असं आहे की माहीत असलेल्या वस्तू नुसत्या शेजारी शेजारी मांडल्या आणि प्रत्येक आपापलं काम जुन्याच पद्धतीनं करत राहिली तर तो शोध धरत नाहीत. आता कुकरला बाजारातला सेन्सर चिकटवणं यात बसतं का नाही ते परीक्षक ठरवतील, मी कोण. पण 'स्मार्ट' लिहिलेल्या निम्म्या बातम्या वाचताना मला ते कलम आठवतं.

दुसरा प्रकार याहून भारी, 'आंतरराष्ट्रीय पेटंट' म्हणून फ्लेक्स लागतात आणि कागद बघावा तर ते इंग्लंडचं डिझाइन रजिस्ट्रेशन असतं. डिझाइन म्हणजे वस्तू दिसते कशी एवढंच, चालते कशी याच्याशी संबंध नाही, आणि तिथं ते रजिस्टर करताना नवं आहे का जुनं हे तपासतसुद्धा नाहीत. त्याला पेटंट म्हणणं म्हणजे गाडीच्या रंगाला इंजिन म्हणणं झालं.

तुम्ही म्हणाल हा माणूस जळतोय. थोडा जळतोय, खोटं कशाला बोलू. पण पेटंट या शब्दामागं काय काय असतं ते बघा. युरियाच्या पोत्यासाठी आपण खरिपाला रांगा लावतो, त्याच्या मुळाशी अमोनिया आहे, हवेतल्या नायट्रोजनपासून. हाबर या जर्मन शास्त्रज्ञानं 1908 ला त्याच्या पेटंटचा अर्ज केला, आणि कारखाना चालू झाला 1913 ला, ओप्पाऊ गावात. मधल्या पाच वर्षांत बॉश नावाचा इंजिनिअर रडकुंडीला आला होता, हवेच्या दोनशे पट दाब, पाचशे अंशाच्या आसपास तापमान, आणि त्यात हायड्रोजन, तो पोलादातला कार्बन खाऊन टाकायचा आणि नळ्या काही दिवसांतच फुटायच्या. शेवटी त्यानं काय केलं, आत मऊ लोखंडाची नळी, कारण तिच्यात खायला कार्बनच नाही, दाब सोसायला बाहेरून पोलाद, आणि त्या पोलादाला चक्क बारीक भोकं पाडली, आतून झिरपलेला हायड्रोजन बाहेर निघून जावा म्हणून. प्रेशर व्हेसलला मुद्दाम भोक! मी हे वाचलं तेव्हा माझ्या वेल्डरला बोलावून सांगितलं, तो म्हणला शेठ काहीही. ही अक्कल शाल नारळाच्या फोटोत येत नाही.

आणि मिळालेलं पेटंटसुद्धा काही काळ्या दगडावरची रेघ नसते. ज्या बजाजच्या जिवावर निम्मं वाळूज उभं राहिलं त्यांना 2005 ला एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लगचं पेटंट मिळालं, 195904 नंबरचं, 2007 ला टीव्हीएसशी कोर्टात जुंपली, 2009 ला सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन आले, आणि तडजोड झाली 2019 ला.

म्हणून विनंती एवढीच की असली प्रेसनोट आली की तुमच्या वार्ताहरानं समोरच्याला ग्रँटचा, म्हणजे पेटंट मंजूर झाल्याचा, नंबर मागावा, आणि तो नसेल तर 'अर्ज प्रसिद्ध' असं छापावं. जागा तेवढीच लागते. जमलं तर एक वाक्य असंही की हे यंत्र आज कुठं चालू आहे का.

आता माझं काम. त्या अर्जावर मला हरकत घ्यायचीय, पेटंट मिळायच्या आधी ती कुणालाही घेता येते, पण आधीचं आहे याचा पुरावा लागतो, छापील असला तर उत्तम. आपल्या हळदीवर जखम भरून यायचं पेटंट अमेरिकेत 1995 ला एका विद्यापीठाला मिळालं होतं, माशेलकर साहेब तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेला होते, त्यांनी जुने ग्रंथ आणि छापील लेख पुढं केले आणि 1997 ला ते रद्द झालं. माझ्याकडं ग्रंथ नाहीत. पण जानेवारी 2018 च्या त्या कृषी प्रदर्शनाची बातमी तुमच्याच पेपरात आली होती, आतल्या पानावर, खाली उजव्या कोपऱ्यात, फोटोत मी कुकरजवळ उभा आहे, हात व्हॉल्व्हवर, आणि दोन ड्रममधला पाइप स्पष्ट दिसतो. माझ्याकडचं कात्रण शेडच्या कपाटात होतं, ते 2021 च्या पावसात गेलं. तारीख नेमकी आठवत नाही, 20 ते 28 च्या मधली. तुमच्या ऑफिसला जुनी फाइल असेल तर त्या पानाची सही-शिक्क्याची प्रत पाहिजे, जी काय फी असेल ती भरतो. मंगळवार सोडून कधीही येतो, मंगळवारी लाइट नसते म्हणून शेड बंद, तेव्हा पोरांचे पगार करतो.

आपला,
एक फॅब्रिकेशनवाला, वाळूज
(नाव छापू नका, कॉलेजवाले पण माझे गिऱ्हाईक आहेत)