पक्या, मी का घोरलो ते ऐक

पक्या लेका,

रविवारी तुझ्या नव्याकोऱ्या टीव्हीसमोर मी घोरलो म्हणून तू अजून फुगून बसलायस असं वहिनी म्हणाल्या. मिसळ जरा जास्तच झाली होती हे कबूल, पण दोष एकट्या मिसळीचा नाही रे. आपण लावलेल्या 'मॅन ऑफ स्टील' ह्या सुपरमॅनच्या पिक्चरची ती शेवटची मेट्रोपोलिस शहरातली मारामारी आठव, सुपरमॅन आणि तो व्हिलन झॉड एकमेकांना बिल्डिंगांमधून आरपार फेकतायत, काचा, धूर, आवाज, आणि दोघांपैकी कुणाला साधा ओरखडा पण उठत नाही! मग मी जीव मुठीत धरून बसू कशासाठी? आमच्या चाळीचा नुसता जिना खचला होता ना, तेव्हा माझी जास्त टरकली होती, कारण वरच्या मजल्यावर आजी होती.

आणि गंमत बघ, आपला जीव टांगणीला लावणं ह्या दिग्दर्शकाला जमत नाही असंही नाही. ह्याच झॅक स्नायडरने २०१६ ला 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन' काढला, त्याच्या सुरुवातीला हीच मारामारी आहे पण ह्या वेळी कॅमेरा खाली रस्त्यावर. ब्रूस वेन, म्हणजे आपला बॅटमॅन, गाडी पळवत फोनवर आपल्या माणसाला सांगतोय की सगळ्यांना बाहेर काढ, आणि डोळ्यासमोर त्याची बिल्डिंग बसते. मग तो त्या धुळीच्या लोटात घुसतो, एकाचे पाय लोखंडी बीमखाली अडकलेत, एका लहान मुलीला विचारतो आई कुठाय तर ती बोट वर करून पडलेल्या बिल्डिंगकडे दाखवते. संपलं. पडझड तीच, पण तिथे माझ्या पोटात गोळा आला. तोच स्नायडर बाबा शेवटी काय करतो तर सुपरमॅनला मारतो, पुरतो, आणि पिक्चर संपता संपता शवपेटीवरची माती हलवतो. अरे दोन मिनिटं तरी रडू दे की माणसाला!

'इन्फिनिटी वॉर'ला २०१८ मध्ये भाच्याला घेऊन गेलेलो. व्हिलन थानोसने चुटकी वाजवली, एकेक जण राख होऊन उडतोय, पीटर पार्कर, म्हणजे स्पायडरमॅन, टोनीला म्हणजे आयर्न मॅनला बिलगून 'मला जायचं नाहीये' म्हणतोय, आणि खरं सांगतो मला आवंढा आला होता, तेवढ्यात हा भाचा पठ्ठ्या पॉपकॉर्न चावत म्हणतो, 'मामा टेन्शन नको घेऊ, पुढच्या जुलैत त्याचा पिक्चर येतोय.' आला पण की २०१९ च्या जुलैत! रिलीजची तारीख आधीच ठरलेला माणूस कसला मरतोय.

आता म्हणशील हिरो जगणार हे आपल्याला कायमच माहीत असतं. असतं ना, म्हणून तर टांगणीला त्याचा जीव लावून उपयोग नाही, दुसरं काहीतरी लावावं लागतं. २००४ चा 'स्पायडरमॅन २' आठव, सॅम रायमीचा. सुरुवातच पिझ्झा डिलिव्हरीने, २९ मिनिटांत पोचवायचा नाहीतर पैसे नाहीत, आणि हा एवढा भिंतीवर चढणारा गडी वाटेत पोरं वाचवत बसतो, उशिरा पोचतो, नोकरी जाते. ज्या मेरी जेनवर त्याचं प्रेम, तिच्या नाटकाला उशीर होतो तर दारावरचा माणूस आत सोडत नाही आणि ती समजायचं ते समजते. ताकद आहे पण ती भाड्याला चालत नाही, प्रेमाला चालत नाही. आणि ती त्याची मे काकू! घर बँकेकडे चाललंय, आणि ती वाढदिवसाचे म्हणून त्याच्या हातात २० डॉलर कोंबते, तो नको म्हणतो तर चिडते, मग रडते. एक नोट रे फक्त! तिथे मला जेवढं कासावीस झालं तेवढं अख्खं मेट्रोपोलिस पाडून झालं नाही.

बरं, मॅन ऑफ स्टीलवर फार अन्याय नको, झॉडची मान मोडायच्या आधी त्याचे ते जळते डोळे भिंतीला टेकलेल्या कुटुंबाकडे सरकत जातात ना, तिथे सुपरमॅनला खरंच काहीतरी ठरवावं लागतं. तो तुकडा भारीच आहे. पण तोवर मी घोरत होतो त्याला मी काय करू, तू उठवायचंस की.

येत्या रविवारी 'स्पायडरमॅन २' लावू. वहिनींना सांग मिसळ नको, नुसते कांदेपोहे चालतील.

तुझाच,
बंड्या