खान्देशात जिओलॉजी शिकतेय पण खान्देश बघायला गाडी नाही : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय उच्च व तंत्रशिक्षण मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

साहेब, मी साक्री तालुक्यातल्या एका खेड्यातली. बी.एस्सी. जिओलॉजी झालं, आता एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. माझ्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. ॲडमिशन घेतली तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "दगडे शिकीसन काय करशी व माय?" रागानं नाही म्हणाले, काळजीनं म्हणाले. तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे, आणि ते तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून लिहितेय.

आमची जमीन चार एकर, सगळी कोरडवाहू. मी दहावीत होते तेव्हा बाबांनी सोसायटीचं कर्ज काढून बोअर मारला. पाणाड्या आला, उंबराचा फोक दोन हातात धरून शेतभर फिरला आणि एका जागी थांबला, तिथं नारळ फोडला, रात्री बोअरची गाडी आली. ३१० फूट गेले आणि नुसता धुराळा. पुढच्या वर्षी दुसऱ्या कोपऱ्यात दुसरा बोअर, २८० फूट, परत धुराळाच. त्या रात्री आई जेवली नव्हती, हे मला अजून आठवतं. कर्ज मी बारावी झाले तरी फिटलं नव्हतं.

मग एस.वाय.ला असताना आमचे सर आम्हाला फील्डला घेऊन गेले आणि योगायोगानं गाडी थांबली ती आमच्या गावापासून चार किलोमीटरवर. तिथं एक लांबलचक दांड आहे, पूर्व-पश्चिम सरळ रेषेत गेलेला, काळ्या दगडांची कोणी भिंत रचावी तसा. लहानपणी आम्ही त्याच्यावर शेळ्या घेऊन जायचो. सर म्हणाले, हा डाईक. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा जमिनीतल्या भेगांमधून वर आला, त्यातला काही भेगेतच थिजला, नंतर आजूबाजूचा खडक झिजून गेला आणि हा कठीण होता म्हणून उभा राहिला. मी त्या दगडावर हात ठेवून उभी होते आणि माझ्या अंगावर काटा आला, खरंच सांगते. ज्या दगडावर बसून मी डबा खाल्लाय तो काय आहे हे मला एकोणिसाव्या वर्षी कळलं.

नंदुरबार-धुळे पट्ट्यात असे दोनशेहून जास्त डाईक आहेत, साक्रीकडून धुळ्यावरून पारोळ्यापर्यंत गेलेला एक तर ७९ किलोमीटर लांब मोजलाय. जगभरातले लोक त्याच्यावर रिसर्च पेपर लिहितात. आणि आमच्या वर्गात डाईकच्या स्लाइडवर फोटो होता तो स्कॉटलंडचा.

त्या दिवशी सरांनी अजून एक गोष्ट दाखवली. दांडाच्या वरच्या अंगाच्या विहिरी बघा म्हणाले, आणि मग खालच्या अंगाच्या. आम्ही दोरी टाकून पाण्याची पातळी मोजली. वरच्या बाजूच्या विहिरींना पाणी होतं, खालच्या बाजूला दोन विहिरी तळाला लागलेल्या. जमिनीखालून सरकणारं पाणी डाईकनं अडवलेलं. पण सरांनी लगेच हेही सांगितलं की प्रत्येक डाईक पाणी अडवतोच असं नाही, एखादा एवढा फुटलेला असतो की उलट त्याच्या भेगांमधूनच पाणी पळतं, म्हणून जागेवर जाऊन भेगा बघायच्या, दिशा मोजायची, आजूबाजूच्या विहिरी मोजायच्या आणि मगच बोलायचं. साहेब, आमचे दोन्ही बोअर खालच्या अंगाला होते. घरी येऊन मी बाबांना जमिनीवर काडीनं रेघ ओढून दाखवलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. तिसरा बोअर त्यांनी मारलाच नाही. काकांच्या वाट्यात वरच्या अंगाला एक जुनी पडकी विहीर होती, तिचा गाळ काढला, थोडी खोल केली, पाइप टाकला. फार पाणी नाही, मार्चपर्यंत पुरतं. पण गहू निघतो. बाबांच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे.

आता त्या सरांबद्दल. ते सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर होते, तासाप्रमाणे पैसे, तेही सहा-सहा महिने रखडलेले, सुट्टीत काहीच नाही, आणि दर जूनमध्ये परत नव्यानं इंटरव्ह्यू. नेट झालेले, पीएच.डी. झालेले, दोन मुलं असलेले. त्या फील्डनंतरच्या वर्षी ते सोडून गेले, आता नाशिकला एका क्लासमध्ये अकरावीच्या पोरांना फिजिक्स शिकवतात. त्यांना मी दोष देत नाही, पण त्यांच्या जागी आमच्याकडे कोणीच आलं नाही. एक परमनंट सर उरले, रिटायरमेंटला आलेले, तेच मिनरॉलॉजी घेणार, तेच पेट्रोलॉजी, तेच हायड्रोजिओलॉजी, तेच कॉलेजच्या मूल्यांकनाची, नॅकची फाइल पण करणार. माणूस चांगला पण एकटा माणूस किती करणार? टी.वाय.ला आमची एकही मोठी फील्ड झाली नाही.

फील्ड म्हणजे सहल असं खूप जणांना वाटतं, म्हणून थोडं खोलात सांगते. केमिस्ट्रीची लॅब चार भिंतींत असते, आमची लॅब बाहेर असते. स्ट्राइक-डिप, म्हणजे खडकाच्या थराची दिशा आणि उतार, पुस्तकात वाचून येत नाही, ते मोजायचं यंत्र, क्लायनोमीटर, खडकावर टेकवून, सुई स्थिर होईपर्यंत उन्हात वाट बघून, चार वेळा चुकून मग येतं. टोपोशीट, म्हणजे टेकड्या-नाल्यांचा सरकारी नकाशा, हातात घेऊन आपण नेमके कुठं उभे आहोत हे नाल्यावरून आणि टेकडीवरून ओळखणं, हे मोबाइलच्या मॅपनं होत नाही. लाव्हाचा एक थर कुठं संपला आणि दुसरा कुठं सुरू झाला हे मधल्या लाल मातीच्या पट्ट्यावरून कळतं, आणि तो पट्टा रस्त्याच्या कटिंगमध्ये हातानं खरवडून बघावा लागतो. मांजऱ्या खडक, म्हणजे बारीक पोकळ्या भरलेला बेसाल्ट, आणि काळा पाषाण यांच्यात पाणी कसं वेगळं वागतं हे विहिरीत डोकावल्याशिवाय नाही कळत. सगळं स्लाइडवर शिकलेला मुलगा उद्या भूजल सर्वेक्षणच्या ऑफिसात लागला तर तो शेतकऱ्याला काय सांगणार?

आणि आमच्याकडे बघायला काय कमी आहे का! माझी रूम पार्टनर यावल तालुक्यातली, केळीवाल्यांच्या घरातली. तिच्या वडिलांच्या शेतात शेकडो फूट खाली गेलं तरी खडक लागत नाही, नुसता गाळ, वाळू, पिवळी चिकणमाती. माझ्या शेतात दोन फुटांवर मुरूम आणि तिच्या शेतात खडकाचा पत्ताच नाही, दोघी एकाच खान्देशातल्या. कारण सातपुड्याच्या पायथ्याशी मोठा फॉल्ट आहे, म्हणजे खडक तुटून सरकलाय अशी भेग, तापीकडची बाजू खाली बसली आणि लाखो वर्षं नद्यांनी ती खोली भरत आणली. डोंगरातून उतरणारे नाले पायथ्याला मोठाले गोटे टाकतात, त्या पट्ट्याला बझाडा म्हणतात, पावसाचं पाणी जमिनीत मुरायची खरी जागा तीच. केळीसाठी इतका उपसा झालाय की तिच्याकडे दर दोन-तीन वर्षांनी मोटार अजून खाली सोडावी लागते. तापीचं पाणी जमिनीत मुरवायच्या तापी मेगा रिचार्ज योजनेच्या करारावर २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशनं सह्या केल्या, ती योजना सगळी ह्याच बझाड्याच्या भरवशावर आहे. ती झाली तर कोणत्या गावात पाणी किती वर आलं हे वर्षानुवर्षं मोजायला माणसं लागतील, आणि ती इथलीच असली पाहिजेत, ज्यांना नाल्यांची नावं माहीत आहेत.

शिरपूरचं तर अख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे. सुरेश खानापूरकर साहेब भूजल सर्वेक्षणमधून रिटायर झालेले जिओलॉजिस्ट, त्यांनी तालुक्यातला गाळाचा भाग वेगळा, बेसाल्टचा भाग वेगळा असं बघून नाले खोल केले, रुंद केले, बंधारे घातले आणि पाणी मुरवलं. त्याच्यावर वाद पण झाले, सगळीकडे तसंच खोदत सुटू नये असं म्हणणारे पण जाणकार आहेत आणि मला ते पटतं, कारण खालचा खडक न बघता पोकलेन लावला तर फायद्याऐवजी नुकसान होतं. पण म्हणूनच तर म्हणतेय, खडक बघणारा माणूस प्रत्येक तालुक्याला लागतो.

बाकीचं पटकन सांगते. आमच्या दारात अजिंठा आहे, त्या लेण्या ह्याच बेसाल्टमध्ये कोरल्यात, जळगावला उतरून देशोदेशीचे लोक बघायला येतात, आणि मी जिओलॉजीची विद्यार्थिनी असून कॉलेजतर्फे एकदाही गेले नाही. चोपडा तालुक्यात उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे, तोही नाही बघितला. खाणीत आणि विहिरीच्या दगडात ज्या गारगोट्या सापडतात, ते अपोफिलाइट, स्टिल्बाइट, त्यांच्या लेबलवर जळगावचं नाव लिहून ते जगभर विकले जातात. लहानपणी मी ते गोटे गोळा करून देव्हाऱ्यात ठेवायचे. १४ मार्च १९३८ ला सातपुड्यात मोठा भूकंप झाला होता, हे माझ्या गावात कोणालाच माहीत नाही, मलाही कॉलेजात येईपर्यंत माहीत नव्हतं.

एस.वाय.ची ती फील्ड कशी झाली तेही ऐका. एसटीची प्रासंगिक करारावरची गाडी, दोन दिवस मुक्काम, डोक्यावर १,८०० रुपये वर्गणी. बावीस जणांपैकी सहा जण आलेच नाहीत, त्यातले चार आदिवासी भागातले, नवापूर-अक्कलकुव्याकडचे, आणि त्यांना डोंगर माझ्यापेक्षा जास्त कळतो. एकजण मला म्हणाला की १,८०० मध्ये माझा महिन्याचा मेसचा खर्च भागतो. त्याच्या जर्नलमध्ये फील्ड रिपोर्ट माझा कॉपी केलेला आहे. आणि त्याच्या आधी एफ.वाय.ला एक फील्ड झाली तेव्हा बरोबर मॅडम नाहीत म्हणून आम्हा पाच मुलींना नेलंच नाही, सांगितलं की तुमच्या सुरक्षिततेसाठी. मुलं हातोडा घेऊन गेली आणि आम्ही लायब्ररीत बसून त्यांची वाट बघितली. ते मला आजही लागतं. डिपार्टमेंटला एक बाई असती तर आम्ही गेलो असतो, एवढी साधी गोष्ट आहे.

लॅबचं एक सांगायचं राहिलं. दगडाची चकती घासून ०.०३ मिलिमीटर पातळ करतात, मग तिच्यातून उजेड आरपार जातो आणि पोलरायझिंग मायक्रोस्कोपखाली काळ्या बेसाल्टमध्ये रंगच रंग दिसतात, प्लॅजिओक्लेज या खनिजाचे काळे-पांढरे पट्टे, पायरॉक्सिन या खनिजाचे निळे-केशरी तुकडे. बाहेरून एवढा काळा दगड आणि आत हे सगळं! आमच्याकडे असे दोन मायक्रोस्कोप होते, एकाचं स्टेज, म्हणजे नमुना ठेवायची गोल बैठक, फिरायचं नाही आणि स्टेज फिरलं नाही तर त्याचा काही उपयोग नाही. दुसऱ्यावर बावीस जणांची रांग. प्रत्येकाला तीन-चार मिनिटं मिळायची.

आता नवीन शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर, म्हणजे मुख्य आणि जोड विषय, आलं, मुलांनी विषय निवडायचा. चांगली गोष्ट आहे. पण जिथं शिक्षक नाही तिथं विषय कोण निवडणार, आणि निवडणारे कमी झाले की विद्यार्थी नाहीत म्हणून तुकडी बंद, आणि तुकडी नाही म्हणून पद नाही. हे चक्र मुलांनी नाही सुरू केलं. बारावीला मार्क कमी पडले म्हणून जिओलॉजी घेतलेली माझ्या वर्गातली मुलं दुसऱ्या वर्षी आवडीनं शिकायला लागली होती, कारण एक सर त्यांना घेऊन बाहेर गेले होते.

म्हणून साहेब, माझ्या मागण्या दोनच आहेत, आणि दोन्ही तुमच्या खात्याच्या हातातल्या. उत्तर महाराष्ट्रात जिथं जिथं जिओलॉजी शिकवतात तिथली रिकामी पदं परमनंट भरा, सीएचबीनं नाही, आणि त्यात निदान एक बाई असेल असं बघा. दुसरं म्हणजे फील्ड हा सिलॅबसचा भाग आहे, त्याच्यावर मार्क आहेत, तर त्याचा खर्च विद्यार्थ्याच्या खिशातून काढू नका. कॉलेजला वर्षाला दोन फील्डचा खर्च खात्यानं द्यावा, गाडी, मुक्काम, जेवण. गौण खनिजाची रॉयल्टी शासनाला आमच्याच जिल्ह्यांतल्या खडी-मुरूम-वाळूतून मिळते, त्यातून दगड शिकणाऱ्या पोरांच्या गाडीचं डिझेल निघायला हरकत नसावी असं मला वाटतं.

नोकरीचं मी मुद्दाम नाही लिहिलं. एमपीएससीची भूवैज्ञानिकची जाहिरात आली तर भरेन, यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा इंग्रजीतूनच द्यावी लागते तर तेवढं इंग्रजी पण शिकतेय, सकाळी पाचला उठून. ते माझं मी बघेन.

दिवाळीनंतर गवत वाळलं की आमच्याकडचे दांड अगदी स्पष्ट दिसतात. तुमचा धुळ्याला दौरा असला तर हायवेपासून अर्ध्या तासाची वाट वाकडी करा, मी स्वतः दाखवीन, वरच्या अंगाची विहीर आणि खालच्या अंगाची पण. बाबा पण असतील. माझ्या ज्युनिअर्सची फील्ड डिसेंबरमध्ये ठरलीय, ह्या वर्षी वर्गणी २,२०० आहे आणि कालपर्यंत नऊ जणांचेच पैसे जमा झालेत.

आपली नम्र,
साक्री तालुक्यातली एक एम.एस्सी. जिओलॉजीची विद्यार्थिनी