काटा थांबवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सविनय जय जिनेंद्र.

तुमचं नाव लिहीत नाही. तुम्ही तशी ताकीदच दिली होतीत. पण मनातल्या मनात आभार मानून माझं समाधान होईना, म्हणून हे चारचौघांसमोर लिहितेय. भुसार बाजारातल्या कुणी वाचलं तर त्यांना कळेलच हे पत्र कुणाला आहे. कळू दे.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवली आणि उतारवयाकडे वळताना प्राकृत शिकले. त्यातून जुन्या मराठीतल्या जैन पोथ्यांचं वेड लागलं. आपल्याकडे महानुभाव आणि वारकरी वाङ्मय शाळेपासून शिकवतात, ते शिकवायलाच हवं. पण सुमारे पाचशे वर्षांपूर्वी गुणकीर्तीनं मराठी गद्यात 'धर्मामृत' लिहिलं, मेघराजानं यशोधराची कथा रचली, जिनदासानं हरिवंशपुराण लिहायला घेतलं, हे मराठी एम.ए. झालेल्यांनाही बहुधा ठाऊक नसतं. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेलं 'श्रीचावुण्डराजें करवियलें' हे वाक्य मात्र आपण सगळ्यांनी पाठ केलंय. मराठीच्या आद्य शिलालेखांत गणली जाणारी ही ओळ म्हणजे एका जैन दात्यानं काय करवलं त्याची नोंद आहे, आणि तरी जैन मराठीचा अभ्यास म्हटलं की लोक 'हे काय नवीन?' असं बघतात.

विदर्भातल्या एका घरात मला अशीच एक पोथी मिळाली. कागद तुटायला आलेला, कडा वाळवीनं खाल्लेल्या. तिची नीट छायाचित्रं काढायची, लिप्यंतर करायचं आणि मदतीला एक विद्यार्थिनी घेऊन तिला थोडं मानधन द्यायचं, एवढाच खर्च होता. एखाद्या सत्कार समारंभाच्या मांडवालासुद्धा याहून जास्त लागतात.

मी बरेच उंबरे झिजवले. एका संस्थेनं विषयाची 'सामाजिक उपयुक्तता' विचारली आणि माझं उत्तर न वाचताच नकार कळवला. एका ट्रस्टच्या कार्यालयात पहिला प्रश्न आला, 'तुम्ही स्वतः जैन का?' मी नाही म्हटल्यावर पुढचा प्रश्न आलाच नाही. आणखी एका ठिकाणी पोथी दिगंबर परंपरेतली आहे हे ऐकून त्या गृहस्थांनी फाईल मिटली. म्हणाले, 'मग ते लोक बघतील.' सगळ्यात जास्त लागलं ते एका मोठ्या माणसाचं बोलणं. पैसे देतो म्हणाले, पण मुखपृष्ठावर आईवडिलांचा फोटो हवा आणि काम पर्युषणाच्या आत छापून हवं. पोथी कशाबद्दल आहे, हे त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही. मी विनवण्या करत बसले होते आणि माझ्या पिशवीतली पानं एकानंही बाहेर काढायला सांगितली नव्हती. हे मी विसरलेले नाही आणि विसरायची इच्छाही नाही.

तुमच्याकडे आले ती माझ्या जुन्या विद्यार्थ्यामुळे. तो तुमचा हिशेब बघतो. दिवाळी तोंडावर होती. गाळ्यात शिरायला वाट नव्हती, डाळीच्या पोत्यांची थप्पी छताला लागलेली, बाहेर टेम्पो उभे, तोलणार वजन पुकारतोय आणि तुम्ही एका कानाला फोन लावून दुसऱ्या हातानं पावत्यांवर सह्या करताय. चुकीच्या वेळी आलो म्हणून मी निघणार होते. तुम्ही फोन ठेवलात आणि म्हणालात, 'ताई, काय आणलंय ते दाखवा तरी.'

मी पानांच्या मोठ्या केलेल्या प्रती काढल्या. तुम्ही पावतीपुस्तक आणि कॅल्क्युलेटर बाजूला सारलंत, गादीवर धुतलेला पंचा अंथरलात, त्यावर ती पानं ठेवलीत आणि तोंडासमोर रुमाल धरलात. काका, त्या नुसत्या झेरॉक्स होत्या! तरी तुम्ही रुमाल धरलात. अक्षरांवरून बोट फिरवलंत ते कागदाला न टेकवता. मग विचारलंत, 'ही उभी रेघ अक्षराच्या आधी कशी?' ती पडिमात्रा. आपण मात्रा डोक्यावर देतो, तेव्हाचे लेखनिक ती पुष्कळदा अक्षराच्या आधी उभी ओढत. इतक्या कचेऱ्या फिरून मला पोथीबद्दल विचारला गेलेला तो पहिला प्रश्न होता.

आणि मग तुम्ही वळून हाक मारलीत, 'काटा थांबव रे. ताई वाचतायत.'

दिवाळीच्या तोंडावर, भर बाजाराच्या वेळी काटा थांबवणं म्हणजे काय, हे यार्डात वावरणाऱ्यालाच कळेल. गिऱ्हाईक उभं होतं, टेम्पोवाला हॉर्न देत होता. त्यालाही तुम्ही हातानंच थांबायची खूण केलीत. मी वाचत गेले. शेवटच्या पानावर लेखनिकाचा श्लोक आहे, जुन्या पोथ्यांच्या अखेरीस तो बरेचदा सापडतो. त्याचा अर्थ मी सांगितला: पाठ मोडली, कंबर मोडली, मान मोडली, खाली मुंडी घालून कष्टानं हे लिहिलंय, तर नीट जपा. पोत्यांना टेकून उभे असलेले एक हमालदादा पटकन म्हणाले, 'हा बी आमच्यातलाच की!' कुणी हसलं नाही. तुम्ही त्यांच्याकडे बघून मान हलवलीत.

पोथी कुणी लिहून घेतली, हेही तुम्ही विचारलंत. मी पुष्पिका, म्हणजे पोथीच्या अखेरची नोंद, वाचली. एका श्राविकेनं, म्हणजे जैन गृहस्थ स्त्रीनं, 'ज्ञानावरणी कर्मक्षयार्थ', ज्ञान झाकणारं कर्म नाहीसं व्हावं म्हणून, स्वतःच्या खर्चानं ती लिहवून घेतली होती. तुम्ही थोडा वेळ काही बोलला नाहीत. मग दिवाणजीला म्हणालात, 'ताईंना काय लागतंय ते लिहून घे.' बस. 'उपयोग काय' नाही, 'तुम्ही कोण' नाही. तुम्ही श्वेतांबरांतले स्थानकवासी, पोथी दिगंबर, मी दोन्हींतली नाही. तुमच्या लेखी यातलं काहीच आड आलं नाही.

आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दानं जैन परंपरा सांगते. त्यातलं शास्त्रदान, म्हणजे ग्रंथ करवून देणं, कसं चालत आलं, हे या कामात पावलोपावली दिसतं. दहाव्या शतकात कर्नाटकातल्या अत्तिमब्बेनं पोन्ना या कन्नड कवीच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती करवून वाटल्या, असं सांगतात. मूडबिद्रीला ताडपत्रांवर जुन्या कन्नड लिपीत पडून राहिलेल्या धवला टीकेची, म्हणजे षट्खंडागम या दिगंबर ग्रंथावरच्या भाष्याची, नक्कल व्हावी म्हणून मुंबईचे माणिकचंद आणि सोलापूरचे हिराचंद नेमचंद यांनी खटपट केली. पुढे तीच धवला डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित केली आणि 1939 पासून आपल्या अमरावतीतून छापली. त्यामागचा निधी विदिशाच्या एका शेठजींचा. सोलापूरच्या जीवराज दोशींनी आपली संपत्ती ग्रंथमालेसाठी दिली, म्हणून जुन्या मराठीतल्या जैन कवींच्या संपादित प्रती आज मला कपाटातून काढून वाचता येतात. आपल्या पुण्यात भांडारकर संस्थेत चाललेल्या प्राकृत महाकोशामागेही फिरोदियांसारख्या उद्योजकांचं पाठबळ आहे. त्या कोशाचे संपादक डॉ. अ. मा. घाटगे यांच्यासारखा विद्वान शब्द न् शब्द पारखत बसू शकला, कारण कुणीतरी 'लवकर आटपा' म्हटलं नाही. 2024 मध्ये मराठी आणि प्राकृत दोघींना एकाच दिवशी अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढे खूप वाटले गेले. पण दर्जा मिळाला म्हणून पोथीची वाळवी थांबत नाही. ती थांबते तुमच्यासारख्यांमुळे.

चांगुलपणाबद्दल लोक फार मोठं बोलतात. मला तो तुमच्याकडे अगदी साधा दिसला. समोरच्यानं काय आणलंय ते आधी बघायचं, कळेपर्यंत ऐकायचं, आणि द्यायचं ठरलं की देताना त्याला खाली बघायला लावायचं नाही. माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलीचं पहिलं मानधन तुम्ही पाकिटात घालून, वर तिचं नाव लिहून पाठवलंत. तिचे वडील रिक्षा चालवतात. अर्धमागधी, म्हणजे जैन आगमांची प्राकृत, शिकून पैसे मिळतात यावर घरात कुणाचा विश्वास नव्हता. ते पाकीट तिनं अजून फाडलेलं नाही, वरून कडा कापून पैसे काढले आणि पाकीट वहीत ठेवलं. मागे एका कार्यालयात याच मुलीला आम्ही आत बोलत असताना बाहेर बाकावर बसवून ठेवलं होतं. फरक सांगायला मला आणखी काही लिहावं लागत नाही.

छायाचित्रं सगळी झाली आहेत. अर्ध्याहून अधिक लिप्यंतर झालंय, आता पाठ तपासणं चालू आहे. श्रुतपंचमीपर्यंत, म्हणजे ज्येष्ठातल्या शास्त्रपूजेच्या दिवसापर्यंत, पहिल्या भागाची प्रत तुमच्या हाती देता येईल असं वाटतं. ती घ्यायला तुम्ही याल की आम्ही गाळ्यावर यायचं, ते सांगा. आमचं मत विचाराल तर आम्हाला गाळाच आवडेल.

सोबत हिशेबाची वही दिवाणजींकडे पाठवतेय. तुम्ही मागितली नव्हती, तरी एकदा नजरेखालून घाला. थोडी रक्कम शिल्लक राहते आहे. त्यातून या मुलीचं पुढच्या वर्षाचं शुल्क भरावं असं मनात आहे. चालेल का, तेवढं कळवा.

आपली कृतज्ञ,
मराठीची एक निवृत्त शिक्षिका, पुणे