मामा, तुमच्या पायाच्या अंगठ्याला नमस्कार

परभणीत मणी-दागिने दोऱ्यात ओवून देणाऱ्या पटवेकर मामांना शिरसाष्टांग नमस्कार.

मी गंगाखेडचा, मोटार वाइंडिंगवाला. दीड महिन्याखाली बायकोचं तुटलेलं मंगळसूत्र रुमालात बांधून तुमच्या दुकानी आलो होतो, आठवतंय ना? काम पाऊण तासाचं होतं आणि तुम्ही मला दिवेलागणीपर्यंत बसवून घेतलंत. त्या दिवशी आभार मानले नाहीत. गळा दाटून आला होता आणि शेवटची एसटीपण गाठायची होती. तुम्ही फोनवर वाचत बसत नाही हे माहीत आहे, नात वाचून दाखवील. चार लोकांनीही वाचावं, म्हणून उघडच लिहितोय.

मामा, परवा पहाटे गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, मरळ लागली. त्याच माशीवर.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. फ्लाय फिशिंगमध्ये गळाला गांडूळ किंवा कणीक लावत नाहीत. केस, पिसं, दोरा बांधून गळावरच खोटं भक्ष्य तयार करायचं. त्याला फ्लाय म्हणतात, मी माशी म्हणतो. त्यातली बारीक मासोळीसारखी दिसणारी लांबट माशी म्हणजे स्ट्रीमर. सांध्याच्या स्ट्रीमरमध्ये एकामागं एक दोन गळ असतात, मधी तारेचा फास आणि त्यावर मणी. दोरी ओढली की सगळी सरळ येते. ओढ थांबली की पुढचा भाग थबकतो, मागचा मात्र पुढं रेटत बाजूला वळतो, जखमी मासोळी वळावी तसा. शिकारी मासा त्या वळणावर तुटून पडतो. अमेरिकेत केली गॅलप यांनी अशा दोन गळांच्या माशा गाजवल्या, ब्लेन चॉकलेट यांनी तर अख्ख्या अंगालाच सांधे दिले. तिकडं या कलेची कदर अशी की १९९१ साली ‘लेफ्टीज डिसीव्हर’ नावाच्या माशीचं टपाल तिकीट निघालं.

तिकडं हरणाच्या शेपटीचे केस वापरतात. आपल्याकडं त्याला हात लावायचा नाही, कायदा आहे आणि मनालाही पटत नाही. मी उस्मानाबादी शेळीचे केस घेतले, कोंबड्याच्या मानेची पिसं, डोक्याला धनगराकडची लोकर, आणि अंगावर वळसे द्यायला दुकानातलीच बारीक तांब्याची तार. दिसायला माशी सुरेख व्हायची. पाण्यात गेली की मागचा गळ कुशीवर पडायचा आणि शेपटीचे केस त्यालाच गुंडाळायचे. मेलेला पाला ओढल्यासारखं दिसायचं. दोन वर्षं हेच. पहाटे चारला उठायचं, दुकान उघडायच्या आत परत यायचं, आणि रात्री उसवून पुन्हा बांधायचं.

विचारलं नाही असं नाही. एका मोठ्या शहरातल्या दुकानात रात्रभर रेल्वेनं गेलो. डबा काउंटरवर ठेवला. त्या माणसानं झाकणसुद्धा उघडलं नाही. ‘तुमच्याकडच्या पाण्याला हे कशाला पाहिजे, गांडूळ लावा की,’ म्हणाला, आणि वर तयार माशा गळ्यात मारल्या. त्यांचे केस दुसऱ्याच दिवशी गळाले. एका जाणकार म्हणवणाऱ्या गृहस्थांना तीनदा व्हिडिओ पाठवला. तिसऱ्यांदा उत्तर आलं, ‘गळ भारीतले घ्या.’ घेतले. भारीतले गळसुद्धा कुशीवरच पडले. येत नसेल तर येत नाही म्हणावं, त्यात काही कमीपणा नाही. पण न बघता सांगायचं, याचा राग माझ्या मनात अजून आहे.

आणि तुम्ही, मामा? मी तुमच्याकडं फक्त मोठ्या भोकाचे चार मणी मागितले. तुम्ही विचारलंत, ‘कशाला लागायलेत?’ मी डबा काढला. तुम्ही चष्मा पुसला, एक माशी तळहातावर घेतली, उलटी केली, मधला सांधा नखानं हलवून बघितला आणि आतल्या घरात आवाज दिलात, ‘परात भरून आणा गं पाण्याची.’ पितळी परातीच्या या काठापासून त्या काठापर्यंत ती माशी तुम्ही पाच-सात वेळा ओढली असेल. गिऱ्हाईक येऊन बसलं होतं, त्यालाही बघायला लावलंत.

मग म्हणालात, ‘तारेचे दोन पदर शेजारी शेजारी निजलेत. फास आडवा झालाय. नेढं पण आडवंच. दोन आडवे एकात एक गेले तर मागचं कुशीवर पडणारच की लेकरा.’

दोन वर्षांचं दुखणं एका वाक्यात सांगितलंत. गळाचं नेढं, म्हणजे दोरी ओवायचं भोक, आडवं असतं, त्यात फास उभा बसला पाहिजे; म्हणजे तारेचा एक पदर दांडीच्या वर आणि दुसरा खाली. मी रोज आठ तास तारेशी खेळणारा माणूस, माझ्या डोळ्याला हे दिसलं नव्हतं. सरात मणी सरळ बसावा म्हणून जन्मभर दोऱ्याचे पदर सांभाळणाऱ्याला ते दिसलं.

बाकीचं फार सांगत नाही, करणाऱ्याला कळेल. एका मण्यावर सांधा आखडायचा, तीन मण्यांनी मागचा गळ उलटून पुढच्यात अडकायचा, दोनावर जमलं. काचेचे मणी तुम्ही बाजूला सारलेत, माशाच्या दातानं फुटतील म्हणून. शेपटीचंही तुम्हीच सांगितलंत. गोंड्यात खाली कडक दोरे आणि वर रेशीम घालतात तशी मऊ पिसांखाली राठ केसांची टेकण द्यायची, मग ती गळाला गुंडाळत नाहीत. वरून चार बोटं रुपेरी कलाबूत, म्हणजे जरीचा धागा, कापून दिलीत, खवल्याची चमक म्हणून.

पण ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ती गोष्ट वेगळीच आहे.

तुमच्या उजव्या पायाच्या अंगठ्यात तेव्हा कुणाच्या तरी मंगळसूत्राचा दोरा ताणलेला होता. निम्मे मणी ओवून झालेले. तुम्ही त्या दोऱ्याला गाठ मारलीत, अंगठ्यातनं तो हळूच काढलात आणि भिंतीतल्या खिळ्याला अडकवलात, एक मणी हलू न देता. मग माझ्या मागच्या गळाच्या टोकावर मेणाची गोळी दाबलीत, गळाला दोरा बांधलात आणि त्या दोऱ्याचा फास आपल्या अंगठ्यात घातलात. पाय लांब केलात. तार ताणली गेली, दोन्ही पदर वर-खाली सरळ झाले. मी माशी तुमच्या हातात द्यायला लागलो तर तुम्ही हात मागं घेतलात. ‘बांधायचं तूच. मी धरतो.’

मी दोरा गुंडाळत गेलो. माझा हात कापत होता, तुमचा पाय तसूभरही हलला नाही. अंगठ्याच्या सांध्यापाशी जन्मभराच्या दोऱ्यानं पडलेली खाच आहे, काळपट, गुळगुळीत. माझ्या माशीचा दोरा त्या खाचेत बसला होता. वीस मिनिटं तरी तुम्ही तसेच बसलात, सत्तरीच्या पुढचं वय आणि गुडघा दुखत असताना. पैसे घेतलेत ते फक्त मंगळसूत्राचे.

बसमध्ये बसलो आणि डोळ्यांतलं पाणी थांबेना. शेजारच्यानं विचारलं, घरचं कुणी आजारी आहे का? काय सांगणार त्याला?

आपल्या भागात अशी माणसं आहेत, मामा. शेजारच्या आळीतला लोहार दुसऱ्याच्या पाभरीचा फण वाकलेला दिसला की रस्त्यातच थांबवून सरळ करून देतो. आमची आई अनोळखी बाईच्या लेकराची टाळू भरायला बसायची. ही माणसं समोरच्याचं काम आपलं समजतात, ते कशाचं आहे हे नंतर विचारतात. तुम्ही तर मासा खात नाही. गळ्यात तुळशीची माळ आहे तुमच्या, मी बघितली होती, आणि माशी काढताना जरा ओशाळलो होतो. म्हणून हेही सांगतो. मरळ दीड किलोच्या आसपासची होती. घाटाच्या खाली बाभळी पाण्यात वाकल्यात तिथं ती श्वास घ्यायला वर येऊन बुडबुडा सोडून गेली, मी पुढ्यात माशी टाकली, दोनदा ओढली, थांबलो. मागचा गळ वळला आणि पाणी फुटलं. हातात घेतली, गळ सोडवला, पाण्यात धरून ठेवली. गार अंग, काळ्या पाठीवर शेवाळी झाक. शेपटीचा एक फटकारा देऊन गेली. पावसाळ्यात ती पिलांची राखण करते, तेव्हा मी पाण्याकडं जातच नाही.

माशी डब्यात जपून ठेवलीय. पुढच्या मण्यावर दाताचा ओरखडा आहे, कलाबुतीचा एक पदर निघालाय.

येत्या गुरुवारी वाइंडिंगची तार न्यायला परभणीला येणार आहे. तुमच्यासाठी धनगराकडची पांढरी लोकर आणतोय, गोंड्याला चालेल का बघा. आणि परात भरून ठेवा मामा. तीन सांध्यांची बांधायला घेतलीय, मधला तुकडा कुशीवर पडायलाय.

तुमचाच,
गंगाखेडचा वाइंडिंगवाला