तळीवरचा फलक आणि तळीची गोष्ट

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : गावांची माहिती लिहिण्याआधी गावाकडून ऐकून घेण्याबाबत.

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी मालवण तालुक्यातल्या एका लहान गावात राहते. लग्न होऊन या गावात आले त्याला ३१ वर्षं झाली. गेली काही वर्षं घरातल्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. पुण्या-मुंबईची, कोल्हापूरची, कधी बेळगावची माणसं येतात, दोन दिवस राहतात, सोलकढी पितात आणि जाताना हमखास विचारतात, "इथे जवळपास बघण्यासारखं अजून काय आहे?" हे पत्र त्या प्रश्नाबद्दल आहे. त्याचं उत्तर सध्या कोण देतंय आणि कुणी द्यायला हवं, ते आपल्या कानावर घालायचं आहे.

आमच्या घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर एक तळी आहे. चिरेबंदी काठ, एका बाजूला वड, दुसऱ्या बाजूला भाताचे कुणगे, म्हणजे खाचरं. नवीन नवरी म्हणून आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात मला तिथे नेलं. नुसतं नेलं नाही, वाटेवरची प्रत्येक जागा सांगत सांगत नेलं. ही पाणंद कुणाची, या व्हाळाला (ओढ्याला) हे नाव का, या दगडासमोर संध्याकाळी मोठ्याने का बोलायचं नाही. तळीवर पोचल्यावर त्या काठावर बसल्या आणि त्यांनी मला भांड्यांची गोष्ट सांगितली.

पूर्वी गावात कुणाकडे लग्न निघालं आणि घरात भांडी पुरेशी नसली, की आदल्या दिवशी तिन्हीसांजेला घरातल्या बाईने इथे यायचं. तळीला हळदकुंकू वाहायचं, नारळ ठेवायचा आणि किती पानं उठायची आहेत ते सांगायचं. सकाळी काठावर तेवढी भांडी मांडलेली असत. तपेली, हंडे, पळ्या, परात. कार्य झालं की सगळी घासूनपुसून परत पाण्यात सोडायची. मग एकदा कुणाला तरी मोह झाला आणि एक पळी घरात राहिली. त्या दिवसापासून तळीने भांडी देणं बंद केलं. कुणाच्या घरात राहिली, हे मी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "ता इचारूचा नाय. सगळ्यांका म्हायती आसा, पण नाव घेवचा नाय."

अशी गोष्ट कोकणात आणखीही गावांत सांगतात, हे मला पुढे कळलं. म्हणून ती आमची कमी झाली नाही. आमच्या गावात ती या तळीची आहे आणि या तळीचं काम करते. माझ्या डोळ्यांदेखत ३१ वर्षं ते काम चाललं आहे. या तळीत कुणी साबण लावून कपडे धुतले नाहीत. कुणी गुरं उतरवली नाहीत. कुणाच्या बागेला पाणी कमी पडलं म्हणून पंप टाकला गेला नाही. ग्रामपंचायतीने असा काही नियम केला होता का? नाही. तळीचं आपण एकदा देणं बुडवलं आहे, आता तिला आणखी दुखवायचं नाही, एवढंच प्रत्येकाला लहानपणापासून माहीत होतं. मे महिन्यात खालच्या वाडीतल्या विहिरींना पाणी राहतं ते या तळीमुळे, असं जुनी माणसं सांगतात.

दोन वर्षांपूर्वी तळीवर फलक लागला. चांगला मोठा, स्टीलच्या खांबांवर. तो लावायला आलेल्या माणसांनी गावात कुणाला काही विचारलं नाही. मजकूर छापून तयारच आणला होता. त्यावर लिहिलं आहे की ही प्राचीन पुष्करिणी असून येथे राजघराण्यातील स्त्रिया स्नानास येत असत अशी आख्यायिका आहे. कोणतं राजघराणं? कुणाची आख्यायिका? आमच्या गावात ९० वर्षांची माणसं आहेत, त्यांनी हे कधी ऐकलेलं नाही. 'पुष्करिणी' हा शब्दसुद्धा फलक लागल्यावर पहिल्यांदा ऐकला. खाली सेल्फी पॉइंटचा बाण आहे.

आता सुट्टीच्या दिवशी गाड्या तळीपर्यंत जातात. गेल्या दिवाळीत एक कुटुंब तळीतून बादलीने पाणी काढून गाडी धूत होतं. साबणाचा फेस काठावरून परत पाण्यात चालला होता. मी जाऊन बोलले तर त्यांनी फलकाकडे बोट दाखवलं. "इथे धुवायला मनाई आहे असं कुठे लिहिलंय?" माणसं वाईट नव्हती. मी त्यांना काठावर बसवून पळीची गोष्ट सांगितली. त्यांच्या सात-आठ वर्षांच्या मुलीने ऐकता ऐकता हातातली बादली खाली ठेवली आणि विचारलं, "मग ती पळी आता परत दिली तर?" हा प्रश्न या गावात आजवर कुणी विचारला नव्हता. निघताना बापाने स्वतःहून काठ धुऊन दिला.

महोदय, त्या अर्ध्या तासात मला जे दिसलं ते मी आपल्यापर्यंत पोचवते आहे. गोष्ट कळली की बाहेरचा माणूसही जागेशी नीट वागतो. चुकीची गोष्ट सांगितली की जागेचं नाव जातं, धाक जातो, माया जाते, आणि मग पाणीही जातं.

सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला त्याला १९९७ पासून आज किती वर्षं झाली ते आपण जाणता. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात आमचे सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग आहेत. आम्हाला त्याचा अभिमान आहे. आता रस्ते होतील, जेट्ट्या होतील, माहिती केंद्रं होतील आणि फलक तर शेकड्यांनी लागतील. ते लागण्याआधी हे पत्र पोचावं म्हणून घाई केली.

सिंधुदुर्ग किल्ल्याचंच बघा. बांधकाम १६६४ मध्ये सुरू झालं, बेट कुरटे, ही माहिती कुठेही मिळते आणि ती हवीच. पण माझे पाहुणे किल्ल्यावरून परत येतात तेव्हा बोलतात ते दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींबद्दल. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये या गोड्या विहिरी. शिवाजी महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा दाखवताना तिथल्या माणसाचा आवाज कसा खाली येतो, ते त्यांच्या लक्षात राहतं. किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात. त्यांना पावसाळ्यात समुद्र खवळला की होड्या बंद होतात, तेव्हा कसं राहायचं ते माहीत आहे. किल्ला म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कोण सांगणार?

आणि आमच्याच तालुक्यातलं आचरा. आचऱ्याची गावपळण दर काही वर्षांनी रामेश्वराचा कौल मिळाला की होते. सगळा गाव घरं सोडून तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहतो. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी. झोपड्या उभ्या राहतात, चुली मांडल्या जातात, रात्री भजनं होतात, फुगड्या होतात. ही बातमी दर वेळी 'भुतांच्या भीतीने गाव ओस' अशा मथळ्याने येते. भुताखेतांच्या कथा त्यात आहेत, नाकारत नाही. पण तिथल्या बाया काय सांगतात ते ऐकलंय का कुणी? गरीब-श्रीमंत सगळे एकाच माळावर, एकसारख्या झोपडीत. घराला, वाटांना, विहिरींना तीन दिवस विसावा. एरवी वर्षभर न बोलणाऱ्या दोन घरांच्या चुली शेजारी शेजारी लागतात. ही गोष्ट आचरेकरांच्या तोंडून राज्यभर गेली असती, तर मथळे वेगळे झाले असते.

सांगणाऱ्यांची आमच्याकडे वाण नाही. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की दशावतारी मंडळं पेटारे घेऊन गावोगाव फिरू लागतात. लिखित संहिता नसते. संध्याकाळी कथा ठरते आणि रात्री राजे, ऋषी, राक्षस स्वतःच्या बुद्धीने बोलतात. पहाटे तांबडं फुटताना दहीकाला होतो तोवर देवळासमोर माणसं बसलेली असतात. पौराणिक आख्यान चाललेलं असतं आणि मध्येच त्या त्या गावच्या देवाचं नाव, गावची एखादी घडामोड त्यात अलगद येऊन बसते. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाने चित्रकथी आणि बाहुल्यांचा खेळ जपला. चित्रांची पोथी एकेक करून समोर धरायची आणि वाद्यांच्या साथीने कथा गात-सांगत जायचं. त्या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या कुटुंबाने आपल्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं. गोठा हा शब्द मी मुद्दाम लिहिते आहे. ज्या घराने हे टिकवलं त्याने आधी आपल्या गुरांची जागा दिली, हे आपल्या विभागाने ध्यानात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

हे काम कसं करावं याचे धडेही महाराष्ट्रातच आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आणि तिचं गाव लिहिलेलं असतं. 'लोकपरंपरा' अशी मोघम मोळी बांधून तिला अदृश्य केलेलं नाही. रत्नागिरीकडे कातळशिल्पांचा, म्हणजे जमिनीवरच्या कातळात कोरलेल्या जुन्या चित्रांचा, शोध घेणारी मंडळी सड्यांवर, उघड्या कातळाच्या माळांवर, फिरली तेव्हा त्यांना वाट दाखवली ती गुराख्यांनी आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी. आज त्यातल्या काही जागा युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, आमच्या तालुक्यातलं कुडोपीही त्यात आहे. गावाने आधी सांगितलं, जगाने मागून मानलं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. कोणत्याही गावात माहितीफलक, पुस्तिका किंवा चित्रफीत करायची असेल तर मजकूर आधी ग्रामसभेत वाचून दाखवला जावा, आणि तोही छापायच्या आधी. इतिहासाच्या तारखा तज्ज्ञांनी तपासाव्यात. जागेचं नाव आणि गोष्ट गावाने सांगावी, सांगणाऱ्याच्या नावासकट. मालवणीतली गोष्ट मालवणीतच लिहावी, खाली प्रमाण मराठी द्यावी. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्ही पेढे वाटले. त्या मराठीत आमची बोलीही आहे ना? प्रत्येक तालुक्यात चार-पाच तरुण मुलामुलींना मानधन देऊन ही ध्वनिमुद्रणं करायला लावा. गावातलीच मुलं हवीत, कारण आजी स्वतःच्या नातीला जे सांगते ते बाहेरून आलेल्या माईकसमोर सांगत नाही. आणि ध्वनिमुद्रण झालेलं सगळं गावाच्या शाळेत, ग्रामपंचायतीत राहू दे. मुंबईत एक प्रत जरूर न्या.

दोन अडचणी मला स्वतःला दिसतात, त्या लपवत नाही. पहिली, गोष्ट एकच नसते. आमच्या तळीची गोष्ट खालच्या वाडीत वेगळी सांगतात. त्यांच्या मते पळी कुणी ठेवलीच नाही, वरच्या वाडीने भांडी न घासता सोडली म्हणून तळी रुसली. गोष्टीत कुणाचा मान आहे आणि कुणावर ठपका, हे गावातल्या जुन्या उतरंडीशी जोडलेलं असतं. अशा वेळी एक गोष्ट खरी ठरवून दुसरी पुसू नये. दोन्ही लिहाव्यात. दुसरी, काही गोष्टी सांगायच्या नसतातच. राखणदाराच्या, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाच्या, काही जागा आहेत, तिथे आम्ही पाहुण्यांना नेत नाही. गाव 'नको' म्हणालं तर त्या जागेचा फलक होऊ नये, फोटो होऊ नये, नकाशावर ठिपकाही होऊ नये.

वेळ मात्र थोडा आहे. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली. घर ते नदी या वाटेवरच्या जागांची नावं त्या मला चालता चालता सांगत. मी नंतर वहीत लिहायला बसले तेव्हा २३ आठवली. त्या असताना मी ही वही का उघडली नाही, याची हळहळ जात नाही. त्यांच्या वयाच्या दोनच बाया आता वाडीत उरल्या आहेत. त्यातल्या एकीला ऐकू येत नाही, पण बोलतात छान.

गेल्या महिन्यात ग्रामसभेने तळीवरचा फलक बदलण्याचा ठराव केला आहे. ठरावाची प्रत सोबत जोडते. नवा मजकूर त्या दोघींपैकी थोरल्या काकूंनी सांगितला आणि शाळेतल्या मुलींनी लिहून घेतला. खालच्या वाडीची गोष्ट त्यांची माणसं सांगणार आहेत, तीही याच फलकावर येईल. तोवर वरचा भाग मंजुरीसाठी पाठवते आहे. कृपा करून यातला एकही शब्द शुद्ध करू नये :

"ही भांड्यांची तळी. लगीन ठरला की आदल्या दिवशी सांजेक हय येवन तळीक गाराणा घालूचा. सकाळी काठावर भांडी मिळत. कार्य झाला की घासून परत पाण्यात सोडूची. कोणीतरी एक पळी ठेवन घेतल्यान. तेवापासना भांडी येणत नाय. तळी मात्र हयच आसा. हय साबण लावू नकात."

आपली नम्र,
मालवण तालुक्यातील एक ग्रामस्थ