वेगळी चूल का मांडली, ते आधी वाचा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय नोकरदार स्त्रियांच्या मंडळांवरचा लेख वाचला आणि रात्री नीट झोप लागली नाही. लेखकांची भाषा चांगली आहे, मेहनतही दिसते. पण शेवटच्या परिच्छेदात ‘कायद्याने सगळे समान झाल्यावर ही वेगळी चूल कशाला? आपापल्या कहाण्या सांगून कुणाला बढती मिळते का?’ असं विचारून ते मोकळे झाले. मी न्यू जर्सीत बरीच वर्षं परिचारिका म्हणून नोकरी केली आहे. हा प्रश्न वाचून मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

लेखक म्हणतात ती चूल तिथल्या कृष्णवर्णीय परिचारिकांनी एकदा स्वतःहून मोडली होती. 1908 साली कनेक्टिकटच्या मार्था फ्रँकलिन यांनी देशभरातल्या कृष्णवर्णीय परिचारिकांना स्वतःच्या हाताने पत्रं लिहिली आणि त्यातून न्यूयॉर्कमध्ये त्यांची पहिली राष्ट्रीय संघटना उभी राहिली. पुढे कित्येक वर्षं दक्षिणेतल्या राज्यांच्या परिचारिका संघटना त्यांना सभासदसुद्धा करून घेत नव्हत्या. दुसऱ्या महायुद्धात, 1941 मध्ये, लष्कराने फक्त 56 कृष्णवर्णीय परिचारिका घेतल्या. नंतर संख्या थोडी वाढवली, पण त्यांतल्या अनेकींना जर्मन युद्धकैद्यांच्या शुश्रूषेला लावलं. आपल्याच देशाच्या गोऱ्या जखमी सैनिकाला हात लावायची त्यांना सहसा मुभा नाही, शत्रूच्या सैनिकाची सेवा मात्र करायची! ही कैफियत संघटनेच्या मेबल स्टॉपर्स यांनी नोव्हेंबर 1944 मध्ये थेट राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांच्यासमोर मांडली. दोनच महिन्यांनी लष्कराचे सर्जन जनरल, म्हणजे वैद्यकीय विभागाचे प्रमुख, भर सभेत म्हणाले की, परिचारिका इतक्या कमी पडताहेत की सक्तीची भरती करावी लागेल. तेव्हा स्टॉपर्सबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं, मग आमच्या परिचारिका का घेत नाही? जानेवारी 1945 संपायच्या आत लष्कर आणि नौदल दोघांनीही वर्णाची अट काढली. एकेकीने आपापल्या छावणीतलं दुःख गिळून टाकलं असतं, तर त्या सभेत उभं राहून विचारायला काय उरलं असतं?

1948 मध्ये परिचारिकांच्या मुख्य राष्ट्रीय संघटनेने कृष्णवर्णीयांना दारं उघडली. आता वेगळं राहायचं कारण नाही, असं म्हणून 1951 मध्ये यांनी आपली संघटना विसर्जित केली. लेखकांना हवं होतं तेच त्यांनी केलं. आणि 1971 मध्ये, वीसच वर्षांत, कृष्णवर्णीय परिचारिकांना नवी राष्ट्रीय संघटना काढावी लागली. दार उघडलं तरी आतली खुर्ची मिळत नाही, हे त्यांना अनुभवाने कळलं होतं.

मी तिकडे गेले ती त्यानंतर. माझ्या वॉर्डातल्या एक ज्येष्ठ कृष्णवर्णीय सिस्टर मला रविवारी संध्याकाळी त्यांच्या चर्चच्या बेसमेंटमध्ये घेऊन जात. आठ-दहा जणी जमत, डबे उघडत. मी मांस खात नाही म्हणून घेवड्याच्या शेंगा माझ्यासाठी वेगळ्या शिजवलेल्या असत. जेवण झालं की एकेकीने त्या आठवड्यात वॉर्डात काय झालं ते सांगायचं. एकदा एक तरुण मुलगी आली, तीही कृष्णवर्णीयच. तिने जिला काम शिकवलं तिलाच चार्ज नर्स, म्हणजे पाळीची प्रमुख, केलं होतं, आणि हिच्या वार्षिक अहवालात ‘स्वभाव उद्धट’ असा शेरा मारला होता. राजीनामा लिहूनच आणला होता तिने. कुणी तिला धीर धर, असं सांगितलं नाही. वयाने मोठ्या तिघींनी स्वतःचं सांगितलं: कोणत्या वर्षी, कोणत्या वॉर्डात, कोणाकडून, अगदी कोणत्या शब्दांत. शेरा जवळजवळ तोच होता. त्या मुलीचा चेहरा मला आजही दिसतो. दोष आपल्यात नाही, हे तिला त्या टेबलाशी बसून पहिल्यांदा पटलं.

मग टेबल पुसलं आणि तो अहवाल मध्ये ठेवला. प्रत्येक शेऱ्याला लेखी उत्तर कसं द्यायचं, ते आपल्या फाइलला जोडायचा आग्रह कसा धरायचा, एप्रनच्या खिशात छोटी वही ठेवून तारीख, वेळ आणि हजर असलेल्यांची नावं कशी टिपायची, हे सगळं तिला त्याच संध्याकाळी शिकवलं. कुठे तासाला किती पगार आहे, कोणती जागा रिकामी होणार आहे, तेही तिथेच कळे. ज्यांचे काका-मामा आधीच वरच्या खुर्च्यांवर असतात त्यांना हे घरी जेवताना फुकट कळतं. राजीनामा फाडला गेला, आणि पुढच्या वर्षी ती चार्ज नर्स झाली. लेखकांच्या प्रश्नाचं हे माझं उत्तर. माझ्या उच्चारांवरून माझ्या अहवालात तसाच शेरा आला, तेव्हा उत्तर लिहायला त्याच बायका माझ्या शेजारी बसल्या होत्या.

आपणही तिकडे महाराष्ट्र मंडळं काढली. गणपतीला जमलो की आरतीनंतर चर्चा नोकऱ्यांची आणि ग्रीन कार्डाची. त्याला कुणी वेगळी चूल म्हटलं नाही. 1965 च्या ज्या स्थलांतर कायद्यामुळे आम्हाला अमेरिकेचं दार उघडलं, तो नागरी हक्कांच्या चळवळीने देश हलवून सोडल्यावर आला. तरीही त्याच आरतीनंतर कृष्णवर्णीय शेजाऱ्यांविषयी काय काय बोललं जाई, ते मी या कानांनी ऐकलं आहे आणि त्याची मला लाज वाटते. तोच सूर आपल्या पुरवणीत यावा, याचं वाईट वाटलं. लेखकांनी 1951 ते 1971 या वीस वर्षांवर पुन्हा लिहावं, अशी माझी विनंती आहे.

जाता जाता आणखी एक. त्याच पुरवणीच्या मागच्या पानावर, अर्धं पान भरून, चेहरा गोरा करणाऱ्या क्रीमची जाहिरात आहे. नोकरीच्या मुलाखतीला निघालेली मुलगी दाखवली आहे. जाहिरातींचा विभाग वेगळा असतो, हे मला ठाऊक आहे. पण छापायला जाण्याआधी ती पुरवणी कुणीतरी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बघत असेलच ना?

आपली,
एक निवृत्त परिचारिका, नाशिक