ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस

फोंडा,
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. मुलगा आता ठणठणीत आहे, शाळेत जातो. पण गणपतीच्या चवथीनंतर तो डेंग्यूने आडवा होता तेव्हा तू फोनवर विचारलं होतंस, "ताप उतरला ना, मग आता घाबरायचं काय?" त्या दिवशी उत्तर द्यायच्या मनःस्थितीत नव्हतो. आज लिहितो.

पाचव्या दिवशी पहाटे त्याचं अंग घामाने भिजलं आणि ताप गेला. हिने देवापुढे दिवा लावला, मी पेज चढवली. दुपारी त्याच्या पोटात दुखू लागलं, हातपाय गार पडले. हॉस्पिटलात नर्सने त्याच्या अंगठ्याचं नख दाबून सोडलं. पांढरं पडलेलं नख पुन्हा गुलाबी व्हायला फार वेळ लागला. ते नख माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आम्ही सगळे प्लेटलेट्सचा आकडा विचारत होतो, डॉक्टर मात्र हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, पुन्हा पुन्हा बघत होते. ते चढलं म्हणजे रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर झिरपतंय. ते म्हणाले, "विषाणू ओसरतोय, पण शरीराची खळबळ थांबलेली नाही. हे एक-दोन दिवस जपायचे."

इतकी वर्षं बारावीला प्रतिकारशक्ती शिकवतो, पण ती खळबळ कोण थांबवतं याचा मी कधी मनापासून विचार केला नव्हता. आणि ६ ऑक्टोबरला वैद्यकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं ते नेमकं याच कामाला! जपानचे शिमोन साकागुची, अमेरिकेचे मेरी ब्रुंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल. जन्मानंतर तीनच दिवसांनी उंदराची थायमस ग्रंथी (छातीतली, जिथे लढणाऱ्या टी पेशी तयार होतात) काढली, तर प्रतिकार करणाऱ्या पेशी स्वतःच्याच अवयवांवर तुटून पडतात. त्यांना आवरणारा पेशींचा वेगळा गट साकागुचींनी १९९५ मध्ये दाखवला. २००१ मध्ये बाकीच्या दोघांनी फॉक्सपी३ हा जनुक शोधला; आवरणाऱ्या पेशी घडायला तोच लागतो, हे पुढे कळलं. तो बिघडला तर तान्ह्या मुलग्यांना जीवघेणा आजार होतो. आवरणाऱ्या या पेशींना नियामक टी पेशी म्हणतात. रक्तातल्या मदतनीस टी पेशींत (इतर लढाऊ पेशींना कामाला लावणाऱ्या) त्या शंभरात पाच-दहाच.

मला वाटायचं, विषाणू आला की या पेशींनी बाजूला व्हावं, म्हणजे लढणाऱ्यांना मोकळं रान मिळेल. उंदरांवरच्या एका प्रयोगाने माझी ही समजूत पार उलटवली. नागिणीच्या कुळातल्या हर्पीसच्या विषाणूची लागण करून नियामक पेशी काढून टाकल्या, तेव्हा संसर्ग वाढला! लढणाऱ्या पेशी जिथे लागण झाली होती तिथे वेळेवर पोचल्याच नाहीत, लसिकाग्रंथींतच, म्हणजे या पेशी जमतात त्या गाठींतच, गर्दी करून राहिल्या. आवरणारा नसेल तर फौज वाटेतच घुटमळते. हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून होतो.

डेंग्यूतही रुग्णांच्या रक्तात या पेशी वाढलेल्या आढळल्या आहेत, आणि सौम्य आजारात लढाऊ पेशींच्या मानाने त्यांचं पारडं जड दिसलं. माझ्या मुलाच्या अंगात नेमकं काय चाललं होतं ते कुणी मोजलं नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल छातीठोक बोलणार नाही. त्याला वाचवलं ते वेळेवर आणि मोजून दिलेल्या सलाइनने. पण अंगातली आग विझवायला कुणीतरी आतच असतं, हे कळल्यापासून मला धीर येतो. फ्लूमध्ये तर याच पेशी फुप्फुसाची डागडुजी करायला लागणारं प्रथिनही सोडतात.

सगळं गोडच आहे असंही नाही. हेपटायटिस सीचा विषाणू वर्षानुवर्षं यकृतात मुक्काम ठोकतो, त्यात या पेशींच्या आवरण्याचाही हात असतो. म्हणून या पेशी औषधाने सरसकट वाढवा किंवा घटवा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. कधी, किती आणि कुठे, यावरच सगळं आहे.

एक सांगायचंच राहिलं. मागच्या परसात माडाखाली नारळाच्या करवंट्या पडल्या होत्या. एकीत बोटभर पाणी आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. मुलानेच दाखवल्या. त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी तो आणि मी परसातून फिरतो, करवंट्या पालथ्या करतो, फ्रिजमागचा ट्रेही रिकामा करतो. वहिनींना सांग, तुमच्या गच्चीवरच्या कुंड्यांखालच्या ताटल्याही बघा.

दिवाळीला या. ही फोव (पोहे) करणार आहे, आणि मुलगा तुझी वाट बघतोय.

तुझाच,
जुना खोलीसोबती